बासनात गेलेले औषध

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत औषधांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. रांगेतल्या माणसाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीवर रेमडेसिव्हिर हे नाव आणि दुकानात साठा संपलेला. केंद्र सरकारने ११ एप्रिलला या औषधाची निर्यात थांबवली, कारखान्यांना उत्पादन वाढवायला सांगितले. तरी कुप्या पुरल्या नाहीत आणि काळ्या बाजारात त्यांना मागेल तो भाव मिळाला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरच्या घरी तोंडाने घ्यायच्या एका औषधाला तातडीची परवानगी दिली. त्याचे नाव पॅक्सलोव्हिड. त्यातला मुख्य रेणू निर्माट्रेल्व्हिर. करोना विषाणूचे एक विशिष्ट विकर समोर ठेवून, त्याच्या खोबणीत बसेल असा एकेक भाग जुळवून घडवलेला हा रेणू होता.

हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाला जुलै २०२० मध्ये. तिथपासून मोजले तर औषध दीड वर्षात आले असे म्हणावे लागते, आणि तसे म्हटलेही गेले. पण या औषधाचा माग काढत आपण मागे गेलो तर २०२० पाशी थांबता येत नाही. वाट २००३ पर्यंत जाते, तिथून डुकरांच्या एका आजाराकडे, आणि त्याहीमागे साध्या सर्दीसाठी केलेल्या नाकातल्या फवाऱ्याकडे. मधली कितीतरी वर्षे या औषधाचा आराखडा बासनात गुंडाळून ठेवलेला होता. तो कोणी बांधला, का बांधला आणि पुन्हा कसा सोडला, याची ही हकीकत आहे.

विषाणूंवर औषधे इतकी थोडी का, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात हमखास येतो. जीवाणूच्या बाबतीत काम त्या मानाने सोपे असते. जीवाणू ही स्वतंत्र पेशी आहे, तिला स्वतःची भित्तिका असते. पेनिसिलिन त्या भित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणते. आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्याने आपले काही बिघडत नाही. विषाणूला मात्र स्वतःचे घर नाही आणि चूलही नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच चुलीवर, आपल्याच भांड्यांत स्वतःचा स्वयंपाक करू लागतो. चूल फोडावी तर घरमालकच उपाशी मरणार! म्हणून विषाणूवर नेम धरायचा असेल तर या आगंतुकाने घरात येताना स्वतःचे म्हणून काही आणले आहे का, हे शोधावे लागते.

असा शोध यशस्वी होतो हे ज्यांनी दाखवले त्यांच्यात गर्ट्रूड एलियन यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल. शिक्षक वाचकांना हे वाचून बरे वाटेल, की या बाईंनी काही काळ न्यूयॉर्कमधल्या शाळांत रसायन आणि भौतिक हे विषय शिकवले होते. पीएच.डी. त्यांनी केली नाही. १९८८ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने असायक्लोव्हिर या रेणूचे काम उलगडून दाखवले. हर्पिस गटाच्या विषाणूंवर, म्हणजे आपल्याकडच्या नागिणीवरही, तो आजही वापरला जातो. असायक्लोव्हिर निरोगी पेशीत गेले तर जवळजवळ निष्क्रिय पडून राहते. हर्पिस विषाणूने स्वतःबरोबर आणलेले एक विकर त्याला फॉस्फेट जोडते, आणि मगच ते विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवते. विषाणू आपल्याच हाताने विषाचा प्याला भरून घेतो म्हणा ना.

दुसरा धडा एड्सच्या विषाणूने दिला. एचआयव्ही आपली काही प्रथिने सुटी सुटी न करता एका लांब साखळीत बनवतो आणि मग ती साखळी ठरावीक जागी कापून घेतो. हे कापण्याचे काम करणाऱ्या विकराला प्रोटिएज म्हणतात. १९८९ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने या कात्रीची त्रिमितीय रचना कळली. कात्रीच्या पात्यांमधली खोबण कशी आहे हे दिसल्यावर तिच्यात अडकून बसेल असा रेणू कागदावर आखता येऊ लागला. डिसेंबर १९९५ मध्ये साक्विनाव्हिर, १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर अशी औषधे आली. ती दुसऱ्या औषधांच्या जोडीने दिल्यावर, ज्या देशांत ती मिळत होती तिथे, एड्सच्या मृत्यूंचा आकडा खाली आला. रिटोनाव्हिर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता करोना विषाणूकडे वळू. याची जनुकीय संहिता आरएनएची असून सुमारे ३०,००० अक्षरांची आहे, म्हणजे आरएनए विषाणूंच्या मानाने फारच लांबलचक. पेशीत शिरल्याबरोबर आपल्या पेशीची यंत्रणा ही संहिता वाचू लागते आणि तिच्यातून सुमारे ७,००० अमिनो आम्लांची एक अजस्र साखळी तयार होते. या अखंड साखळीचा विषाणूला काहीच उपयोग नसतो. कापडाचा तागा आणि शिवलेला सदरा यांत जो फरक तोच इथे आहे. साखळीचे सोळा तुकडे पडले की त्यांतून विषाणूच्या नकला काढणारी यंत्रे उभी राहतात. हे तुकडे पाडायला साखळीतच दोन कात्र्या विणलेल्या असतात. एक तीन जागी कापते. दुसरी अकरा जागी कापते, आणि तिला म्हणूनच मुख्य प्रोटिएज असे नाव आहे. ही कात्री आधी स्वतःला साखळीतून कापून सोडवते आणि मग उरलेल्या कामाला लागते.

या कात्रीची एक खोड औषध शोधणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. ती कापते ते जवळजवळ नेहमी ग्लूटामीन या अमिनो आम्लाच्या लगत पुढे. अशा ठिकाणी कापणारे प्रोटिएज माणसाच्या शरीरात ठाऊक नाही. म्हणजे ग्लूटामीनचे सोंग घेतलेला एखादा रेणू या कात्रीत अडकवला, तर आपल्या शरीरातल्या इतर कात्र्यांना त्याचा उपद्रव होण्याची भीती बरीच कमी. आगंतुकाने स्वतःचे म्हणून आणलेले भांडे ते हेच.

पण २००२ पर्यंत या भांड्याकडे पाहायला फारसे कोणाला कारण नव्हते. माणसाला होणारे करोना विषाणू १९६० च्या दशकात सापडले होते, आणि ते सर्दी-पडशापलीकडे सहसा जात नसत. पशुवैद्यांना मात्र हे कूळ चांगले ओळखीचे होते. डुकरांच्या पिलांना होणारा एक जीवघेणा हगवणीचा आजार करोना विषाणूमुळे होतो. जर्मनीत रोल्फ हिल्गेनफेल्ड आणि योहान झीबूर यांच्या गटांनी या डुकरांच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएजचे स्फटिक बनवले, त्यांतून क्ष-किरण सोडले आणि २००२ च्या मध्याला त्याची रचना प्रसिद्ध केली. करोना विषाणूच्या मुख्य कात्रीची ही पहिली रचना. प्रसिद्ध झाली तेव्हा तिची दखल त्या विषयातल्या मूठभर लोकांनी घेतली असेल. कोणाला वाटावे, डुकरांच्या हगवणीपायी एवढी महागडी खटपट कशाला?

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स सुरू झाला. मार्च २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला. हा आजार सर्वांत आधी ओळखणाऱ्यांपैकी एक, त्याच संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी, त्याच महिन्यात त्याच आजाराने गेले. कारण नवा करोना विषाणू आहे हे कळले आणि हिल्गेनफेल्ड यांच्या गटाने मे महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध दिला. डुकरांच्या विषाणूवरचे काम हाताशी असल्यामुळेच ते इतक्या लवकर शक्य झाले. सार्स विषाणूची कात्री कशी असेल याचे प्रारूप त्यांनी मांडले, आणि जोडीला एक सूचना केली: सर्दीच्या एका औषधात थोडे फेरफार केले तर ते या खोबणीत बसेल.

हे सर्दीचे औषध म्हणजे रुपिंट्रिव्हिर. कॅलिफोर्नियातल्या अगूरॉन या कंपनीने १९९० च्या दशकात ते बनवले होते. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसची कात्रीही ग्लूटामीनपाशीच कापते. अगूरॉनच्या रसायनशास्त्रज्ञांनी ग्लूटामीनची हुबेहूब नक्कल करणारे एक पाच अणूंचे कडे घडवले आणि ते रेणूच्या टोकाशी बसवले. औषध नाकात फवारायचे होते. मुद्दाम सर्दी लावलेल्या स्वयंसेवकांवर त्याचा थोडा गुण दिसला. आपोआप सर्दी झालेल्या लोकांवर दिसेना. तेव्हा ते काम सोडून देण्यात आले. अगूरॉन दरम्यान दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि त्या कंपनीला २००० मध्ये फायझरने आपल्यात सामावून घेतले. त्यामुळे ते पाच अणूंचे कडे फायझरच्या मालमत्तेत जमा झाले.

२००३ मध्ये फायझरच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने खरोखरच कामाला सुरुवात केली. सार्सच्या कात्रीला घट्ट जखडणारे रेणू त्यांनी बनवले. त्यांतला सर्वांत चांगला पीएफ-००८३५२३१ या क्रमांकाने ओळखला जातो. दरम्यान सार्स ओसरला. रुग्णांना वेगळे ठेवणे आणि त्यांच्या संपर्कातली माणसे शोधणे या जुन्याच उपायांनी तो आटोक्यात आला आणि जुलै २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साखळी तुटल्याचे जाहीर केले. सुमारे ८,१०० लोकांना लागण झाली होती, ७७४ दगावले होते. रोग गेला, गिऱ्हाईक गेले, आणि फायझरने तो रेणू बासनात बांधून ठेवला.

यात कंपनीलाच दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या आजाराचा रुग्णच शिल्लक नाही त्याच्या औषधाची चाचणी कोणावर घ्यायची? शिवाय हा रेणू तोंडाने घेऊन उपयोगाचा नव्हता, शिरेतूनच द्यावा लागला असता. तरीही आमचे मत असे आहे की औषध निरोगी माणसाला सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची पहिली पायरी, आणि ते गोळीच्या रूपात आणण्याची खटपट, या दोन्ही गोष्टी रुग्णांवाचून होण्यासारख्या होत्या. त्यांचा खर्च नफ्यावर चालणाऱ्या कंपनीने उचलला नाही हे समजते. सरकारांनीही तो उचलला नाही, आणि २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स हा दुसरा करोना आजार उपटल्यावरही चित्र फारसे बदलले नाही. मर्सचे नोंदलेल्या दर शंभर रुग्णांमागे पस्तीसच्या आसपास रुग्ण दगावतात.

अगदीच सामसूम होती असे मात्र नाही. चीनमध्ये राव झिहे यांच्या गटाने २००३ मध्येच सार्सच्या कात्रीची प्रत्यक्ष रचना मिळवली आणि २००५ मध्ये करोना कुळातल्या अनेक विषाणूंच्या कात्र्या जखडणारे रेणू आखून दाखवले. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एक गट मांजरांवर काम करत होता. मांजरांना करोना विषाणूमुळे पोटात पाणी होऊन मृत्यू ओढवणारा एक आजार होतो. या गटाच्या जीसी-३७६ या रेणूने प्रयोगातली बहुतेक आजारी मांजरे वाचली. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याही रेणूत ग्लूटामीनचे सोंग घेणारे ते पाच अणूंचे कडे आहे. माणसासाठी बनवलेला रेणू बासनात होता, आणि मांजरे त्याच्या चुलतभावावर बरी होत होती!

मग २०२० उजाडले. ११ जानेवारीला नव्या विषाणूची संहिता जगापुढे खुली झाली. सार्सच्या विषाणूशी ताडून पाहता, मुख्य कात्रीच्या ३०६ अमिनो आम्लांपैकी फक्त १२ निराळी निघाली आणि खोबण जवळजवळ जशीच्या तशी. सतरा वर्षांपूर्वी आखलेली किल्ली या कुलपालाही लागणार हे जाणकारांच्या लगेच लक्षात आले. पण किल्लीचा आराखडा असणे निराळे आणि कारखान्यात तयार झालेली, माणसावर तपासलेली किल्ली हातात असणे निराळे. लोक तर रोज मरत होते. त्यामुळे डॉक्टरांनी घरात पडलेल्या सगळ्या जुन्या किल्ल्या लावून पाहायला सुरुवात केली.

एचआयव्हीच्या कात्रीवरचे लोपिनाव्हिर हे औषध वूहानमध्ये १९९ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. मार्च २०२० मध्ये निकाल आला: फरक नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनेही पुढे तेच सांगितले. यात शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही विकरे प्रोटिएज, दोन्ही कात्र्याच. पण एचआयव्हीच्या कात्रीचे पाते ॲस्पार्टिक आम्लाचे आणि करोनाच्या कात्रीचे सिस्टीनमधल्या गंधकाचे. खोबणींचे आकारही वेगळे. नाव सारखे म्हणून औषध सारखे चालत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची कथा याहून बोधप्रद आहे. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ते विषाणूला अडवत होते, म्हणून आशा वाढली. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींत विषाणू वेगळ्या दाराने शिरतो आणि तिथे हे औषध त्याला अडवू शकत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने रुग्णालयातल्या रुग्णांना त्याचा लाभ नाही असे जाहीर केले, तोवर जगभर लोकांनी घरात त्याच्या पट्ट्या साठवल्या होत्या.

रेमडेसिव्हिर हीदेखील जुनीच किल्ली, पण ती निदान जवळच्या कुलपाची होती. गिलियड कंपनीने ते मुळात इतर विषाणूंसाठी शोधले, मग इबोलावर तपासले. ते विषाणूच्या नकला काढणाऱ्या विकराला खोटे अक्षर पुरवते. इथे करोना विषाणूचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे. त्याच्याजवळ स्वतःचा मुद्रितशोधक आहे! नक्कल होताना चुकीचे अक्षर बसले तर एक विकर मागे येऊन ते कापून काढते. आरएनए विषाणूंत ही चैन दुर्मीळ आहे, आणि आमच्या मासिकालाही त्याचा हेवा वाटावा इतके ते काम चोख असते. रिबाव्हिरिनसारखी खोटी अक्षरे त्यामुळे करोनापुढे लंगडी पडतात. रेमडेसिव्हिर या मुद्रितशोधकाला बऱ्याच अंशी चकवते: ते बसल्याबरोबर साखळी थांबत नाही, आणखी तीन अक्षरे पुढे जाऊन अडते, तोवर तपासणी पुढे सरकलेली असते.

एवढे असूनही रुग्णालयात त्याचा गुण मर्यादित का दिसला? अमेरिकेतल्या चाचणीत बरे होण्याचा काळ साधारण पंधरा दिवसांवरून दहा-अकरा दिवसांवर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत, ऑक्टोबर २०२० मधल्या निकालानुसार, मृत्यूंवर फारसा परिणाम दिसला नाही. उत्तर वेळेत आहे. या आजारात विषाणूची वाढ पहिल्या आठवड्यातच कळसाला पोचते. त्यानंतर फुफ्फुसांचे जे नुकसान होते त्यात आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या भडक्याचा मोठा वाटा असतो, आणि त्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्वस्त, जुने स्टेरॉइड उपयोगी पडते. तेच रेमडेसिव्हिर पहिल्या काही दिवसांत, रुग्णालयात जाण्याआधी, तीन दिवस शिरेतून दिले तर पुढे रुग्णालयात जाण्याची पाळी ८७ टक्क्यांनी कमी येते, असे डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एप्रिलमधल्या रांगांत कितीतरी नातेवाईक रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर, आठव्या-दहाव्या दिवशी, उभे होते. कुपी मिळाली असती तरी तिच्यासाठी वेळ टळून गेलेली होती. घरात पडल्या पडल्या, पहिल्या तापाला घेता येईल अशी गोळी हवी होती, आणि ती तेव्हा नव्हती.

ती बनवण्याचे काम फायझरमध्ये मार्च २०२० पासून चालू होते. रसायनशास्त्रज्ञांच्या तुकडीचे प्रमुख होते दाविद ओवेन. २००३ चे बासन सोडले गेले. पीएफ-००८३५२३१ नव्या विषाणूच्या कात्रीलाही जखडत होता. अडचण जुनीच, आतड्यातून तो रक्तात शिरत नव्हता. हायड्रोजन बंध देऊ शकणारे गट रेणूत जितके जास्त, तितका तो आतड्याच्या स्निग्ध आवरणातून पार होताना अडखळतो, असा साधारण अनुभव आहे. तेव्हा असे गट एकेक करून कमी करायचे, आणि तसे करताना खोबणीतली पकड सुटू द्यायची नाही, हे काम होते. शिवणकाम येणाऱ्यांना ते लगेच कळेल: झगा आखूड करायचा पण खांद्यावर तो बसला पाहिजे.

शेवटी जे तयार झाले ती एक गोधडीच म्हणायला हवी. एका टोकाला ग्लूटामीनचे सोंग घेणारे पाच अणूंचे कडे, सर्दीच्या फवाऱ्यातून आलेले. मधोमध दोन कड्यांचा एक ताठ तुकडा, तो २०११ मध्ये हेपटायटिस-सीसाठी आलेल्या बोसेप्रेव्हिर या औषधातला. दुसऱ्या टोकाला फ्लोरीनचे तीन अणू असलेला गट. आणि जिथे कात्रीचे पाते येते तिथे नायट्राइल, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची तिहेरी बंधाची जोडी. कात्रीतल्या सिस्टीनचे गंधक या कार्बनला धरते आणि अडकून पडते. हा बंध उलटता येणारा आहे, पण विषाणूच्या आयुष्याच्या मानाने ती पकड पुरेशी होते. जुलै २०२० च्या अखेरीस पहिले ७ मिलिग्रॅम हाती आले. ऑक्टोबरच्या शेवटी १०० ग्रॅम, आणि पुढच्या दोन आठवड्यांत किलोच्या वर. एप्रिल २०२१ मध्ये, इकडे आपण रांगांत उभे असताना, ओवेन यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत या रेणूची रचना प्रथम जाहीर केली.

एक अडचण उरलीच होती. निर्माट्रेल्व्हिर रक्तात पोचला तरी यकृतातले एक विकर त्याचा फडशा पाडते. इथे आपले जुने ओळखीचे रिटोनाव्हिर परत येते. एचआयव्हीवर काम करताना असे लक्षात आले होते की ते यकृतातल्या त्याच विकराला थोपवून धरते. तेव्हा रिटोनाव्हिरची एक गोळी निर्माट्रेल्व्हिरच्या दोन गोळ्यांबरोबर द्यायची, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. रिटोनाव्हिर इथे विषाणूशी लढत नाही. ते नुसते दारात आडवे उभे राहते.

चाचणीत लस न घेतलेले आणि धोका जास्त असलेले प्रौढ रुग्ण होते. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलेल्यांचा हिशोब पाहा: खरे औषध मिळालेल्या ६९७ जणांपैकी ५ जण रुग्णालयात गेले, मृत्यू एकही नाही. खोटी गोळी मिळालेल्या ६८२ जणांपैकी ४४ जणांवर रुग्णालयात जाण्याची किंवा मृत्यूची पाळी आली. त्यांतले ९ दगावले. टक्केवारी काढायला हे आकडे वर्गात देण्याजोगे आहेत. धोका ८९ टक्क्यांनी घटला असे म्हणतात ते यावरून, आणि शंभर रुग्णांमागे साधारण सहा जणांचे संकट टळले असेही यावरूनच म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत, ऐकायला मात्र सारखी वाटत नाहीत.

मर्यादाही लवकरच दिसल्या. यकृताचे विकर थोपवले की त्याच विकराने मोडणारी इतर औषधे रक्तात साठतात. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्या त्यांतल्या, आणि त्या नेमक्या वयस्कर माणसांनाच चालू असतात, म्हणजे ज्यांना पॅक्सलोव्हिडची गरज जास्त त्यांनाच. काही रुग्णांत औषध संपल्यावर विषाणूने पुन्हा डोके वर काढले. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांच्या बाबतीत तसे झाले. आणि लस घेतलेल्या किंवा कमी धोक्याच्या लोकांत औषधाचा ठळक लाभ चाचणीत दिसला नाही. ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानच्या शिओनोगी कंपनीचे एन्सिट्रेल्व्हिर हे त्याच कात्रीवरचे दुसरे औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे मंजूर झाले. त्याला रिटोनाव्हिरची सोबत लागत नाही.

किमतीचे काय? अमेरिकेच्या सरकारने सुरुवातीला एका रुग्णाच्या पाच दिवसांच्या गोळ्यांमागे सुमारे ५३० डॉलर मोजले. नोव्हेंबर २०२१ मध्ये फायझरने मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेशी करार करून ९५ देशांसाठी इतर कंपन्यांना हे औषध बनवण्याची मुभा दिली. पुढच्या मार्चमध्ये परवाने मिळालेल्या ३५ कंपन्यांपैकी १९ भारतातल्या होत्या. पण परवाना मिळाल्यावर कारखाना, कच्चा माल, दर्जाची तपासणी हे सगळे उरतेच. हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या गोळीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती डिसेंबर २०२२ मध्ये. डेल्टाची लाट येऊन गेल्याला तोवर दीड वर्ष उलटले होते.

शाळेत संगणक आणि इंटरनेट असेल तर विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखवता येईल. प्रथिनांच्या रचना जगभरचे संशोधक एका सामाईक कोशात ठेवतात. तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात ६एलयू७ या क्रमांकाची नोंद उघडावी. फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या आठवड्यात, वूहानमधली टाळेबंदी दोन आठवड्यांची असताना, राव झिहे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुली केलेली ही नव्या विषाणूच्या मुख्य कात्रीची पहिली रचना. पडद्यावर ती फिरवत नेली की दोन घुमटांमधली खोबण दिसते. खोबण रिकामी नाही. तिच्यात एक रेणू अडकून बसलेला आहे आणि त्याच्या टोकाला ते पाच अणूंचे कडे आहे. या रेणूचे नाव एन-३. राव यांच्या गटाने तो आखला होता २००५ मध्ये.